बेघर रुग्णाला औषधाइतकीच सोबत हवी : अमरावती-अकोल्यातील विद्यार्थी स्वयंसेवकांचे काम समजून घेताना

अमरावतीच्या राजकमल चौकातून इर्विन रुग्णालयात पायी जाता येते. अकोल्यात रेल्वे स्टेशनवरून सर्वोपचार रुग्णालयात जायला ऑटोने काही मिनिटे लागतात. दोन्ही ठिकाणी डॉक्टर आहेत, औषधे आहेत, खाटा आहेत. तरीही याच दोन शहरांत बसस्थानकाच्या भिंतीला लागून, पुलाखाली, मंदिराच्या पायऱ्यांवर आणि रेल्वेच्या फलाटावर अशी माणसे दिसतात, ज्यांच्या पायाची जखम महिनोन् महिने चिघळते आहे, ज्यांचा खोकला थांबत नाही, ज्यांना फीट येऊन गेल्यावर पाणी देणारेही कोणी नसते. रुग्णालय इतके जवळ असताना उपचार इतके दूर का राहतात, हा या लेखाचा प्रश्न आहे.

आम्ही समाजकार्याच्या क्षेत्रात काम करणारी मंडळी आहोत. वैद्यकीय, आयुर्वेद, नर्सिंग, फार्मसी आणि समाजकार्य शाखांतील विद्यार्थ्यांसोबत आम्ही बेघर माणसांच्या आरोग्यासाठी रस्त्यावर उतरतो. बौद्ध तरुणांकडून आम्हाला वारंवार विचारणा होते : आम्हालाही असे काही करायचे आहे, एखादे शिबिर घ्यायचे का? आमचे उत्तर असे की शिबिराच्या आधी प्रश्न समजून घ्या. बेघर रुग्णाकडे सर्वात आधी कमी पडतो तो त्याच्यासोबत रुग्णालयात जाणारा आणि पुढच्या आठवड्यात त्याला पुन्हा भेटणारा माणूस. गोळी त्यानंतर येते. विद्यार्थी हा माणूस होऊ शकतात.

बेघर म्हणजे नेमके कोण?

२०११ च्या जनगणनेत बेघरांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या एका रात्रीत झाली. रस्त्याच्या कडेला, फुटपाथवर, मोठ्या पाइपात, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, प्रार्थनास्थळांच्या आवारात, फलाटावर उघड्यावर झोपणाऱ्यांना त्यात धरले गेले. देशात असे १७ लाख ७२ हजारांहून अधिक लोक नोंदले गेले आणि महाराष्ट्रात सुमारे २ लाख १० हजार. एका रात्रीच्या मोजणीत फिरता माणूस सहज सुटतो, हे लक्षात ठेवूनच हे आकडे वाचायला हवेत.

वऱ्हाडात हे लोक येतात कुठून? अकोला आणि बडनेरा ही मुंबई-हावडा मार्गावरची मोठी स्थानके. मानसिक आजारामुळे घरातून बाहेर पडलेला माणूस गाडीत बसतो आणि कुठेतरी उतरतो किंवा उतरवला जातो. त्याची भाषा आपल्याला कळत नाही आणि आपली त्याला कळत नाही. मेळघाटातून कामाच्या शोधात आलेली कुटुंबे बांधकामाच्या जागी राहतात. काम संपले की निवाराही संपतो. शेती गेल्यावर किंवा मुलांनी घर नाकारल्यावर शहरात आलेली म्हातारी माणसे आहेत. नवरा गेल्यावर सासरी-माहेरी कुठेच जागा न उरलेल्या बाया आहेत. दारूच्या व्यसनाने घर तुटलेले पुरुष आहेत. पालावर राहणाऱ्या भटक्या-विमुक्त कुटुंबांची अवस्थाही फार वेगळी नाही.

समाजशास्त्राचा विद्यार्थी यात आणखी एक गोष्ट पाहतो. ज्याच्याकडे पिढ्यान् पिढ्या जमीन नव्हती, ज्याच्या नातेवाइकांकडेही एकच खोली आहे, त्याच्यावर संकट आले की तो थेट रस्त्यावर येतो. ज्याच्या पाठीशी वाडा, शेत, ओळखीपाळखी आहेत तो त्याच संकटात मावसभावाकडे जाऊन राहतो. म्हणून बेघरपणाला नशीब म्हणून सोडून देता येत नाही. त्याचा जातीशी आणि मालमत्तेशी संबंध आहे, आणि म्हणूनच तो आपल्या चळवळीचाही विषय आहे.

रुग्णालय जवळ, उपचार दूर

रस्त्यावरच्या एखाद्या आजोबांना विचारा, "बाबाजी, दवाखान्यात काऊन नाही गेले?" उत्तर साधारण असे येते : "कोन नेते मले? अन् नेलं त तिथं थांबते कोन?" आमच्या मते पूर्ण समस्या या दोन वाक्यांत आली. ती नीट उलगडून पाहू.

रुग्णालयात पहिला टप्पा केसपेपरचा. नाव, वय, पत्ता, मोबाइल नंबर. पत्ता नसलेल्या माणसाची अडचण इथूनच सुरू होते. मग ओपीडीची रांग, मग रक्त तपासायला दुसऱ्या इमारतीत, मग एक्स-रे, मग रिपोर्ट घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे, तोवर ओपीडीची वेळ संपलेली, म्हणून उद्या या. ज्याच्या पायाला जखम आहे त्याने हे सगळे एकट्याने करायचे. भरती व्हायचे ठरले की पुढचा प्रश्न येतो, "सोबत नातेवाईक कोण?" खाटेवरच्या माणसाला शौचाला नेणे, जेवण भरवणे, औषधाची चिठ्ठी घेऊन धावणे ही कामे आपल्या सरकारी रुग्णालयांत नातेवाईकच करतात. कर्मचारी कमी असतात, हे त्याचे कारण. नातेवाईक नसलेला माणूस म्हणूनच नकोसा ठरतो.

याला दुसरी बाजू आहे. बेघर माणसाची एक पिशवी असते, एक घोंगडी असते, झोपायची ठरलेली जागा असते. दिवसभर रुग्णालयात गेले तर पिशवी जाते आणि जागाही जाते. हमाली किंवा भंगार वेचून रोज जे मिळते तेही बुडते. शिवाय अंगाला वास येतो म्हणून रांगेतले लोक नाक दाबतात, सरकून बसतात. एकदा हा अनुभव घेतलेला माणूस दुसऱ्यांदा जायला तयार होत नाही. आम्ही एका शासकीय रुग्णालयातून सायंकाळी बाहेर काढलेले वृद्ध गृहस्थ त्याच रात्री फाटकाबाहेर झोपलेले पाहिले आहेत. हातात सलाइनची सुई लावल्याची पट्टी तशीच होती.

योजना आहेत, पण त्याही पत्ता विचारतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत झाले, ही फार चांगली गोष्ट आहे. मात्र वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वेगळ्या विभागाकडे येतात आणि त्यांचे शुल्काचे नियम वेगळे असतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचा लाभ घ्यायला रेशनकार्ड आणि ओळखपत्र लागते. क्षयरोग्याला सकस आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून २०१८ पासून दरमहा ५०० रुपये मिळत होते, नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० रुपये झाले; पण ते बँक खात्यात जमा होतात. ज्याला पैशांची सर्वात जास्त गरज आहे, त्याच्याकडेच खाते नसते.

बुद्धांनी भिक्खूंना विचारलेला प्रश्न

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. भगवान बुद्ध आनंदासोबत विहारात फिरत असताना त्यांना अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडलेला दिसतो. त्याच्याकडे कोणी बघत का नाही, असे बुद्ध विचारतात. कारण कळते की तो इतर भिक्खूंच्या काही उपयोगाचा नव्हता. बुद्ध पाणी मागवतात. ते स्वतः पाणी ओततात, आनंद त्याचे अंग धुतात आणि दोघे मिळून त्याला उचलून मंचकावर ठेवतात. त्यानंतर संघाला एकत्र बोलावून ते सांगतात की इथे तुमची सेवा करायला आई नाही, वडील नाहीत. तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली नाही तर कोण घेणार? माझी सेवा करावीशी वाटणाऱ्याने आजाऱ्याची सेवा करावी, असेही ते सांगतात.

हा प्रसंग आपण करुणेची कथा म्हणून ऐकतो आणि पुढे जातो. त्यात एक व्यावहारिक नियमही आहे. 'नातेवाईक कोण?' या प्रश्नाला बुद्धांनी संघाच्या वतीने उत्तर दिले : ज्याचे कोणी नाही, त्याची जबाबदारी संघाची. पुढे त्याच ठिकाणी रुग्णाची सेवा करणाऱ्याच्या अंगी कोणते पाच गुण असावेत तेही सांगितले आहे. त्याला औषध तयार करून देता यावे. रुग्णाला काय मानवते आणि काय मानवत नाही, हे त्याला कळावे. त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, उलटी यांची त्याला किळस वाटू नये. आणि धम्माच्या गोष्टी सांगून त्याने रुग्णाला धीर द्यावा. नव्या विद्यार्थ्यांना पहिल्या दिवशी आम्ही हीच पाच सूत्रे समजावतो. नर्सिंगच्या मुलींना ती लगेच पटतात, कारण त्यांच्या अभ्यासक्रमातही यापेक्षा वेगळे काही नसते.

सावित्रीमाईंचे शेवटचे दिवस आठवा. १८९७ च्या प्लेगमध्ये डॉ. यशवंतरावांनी पुण्याजवळ दवाखाना उघडला होता. उपचार डॉक्टर करत होते. सावित्रीमाई रुग्णांना दवाखान्यापर्यंत आणत होत्या. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या आल्या, त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. रुग्णाला दवाखान्याच्या दारापर्यंत नेणे हे किती मोठे आरोग्यकार्य आहे, हे सांगायला यापेक्षा दुसरे उदाहरण नको.

हा मार्ग कोणी कोणी चालून पाहिला?

अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात डॉ. जिम विदर्स यांनी १९९२ मध्ये रात्री रस्त्यावर जाऊन बेघरांवर उपचार करायला सुरुवात केली. ते एकटे गेले नाहीत. पूर्वी स्वतः बेघर राहिलेल्या एका माणसाला त्यांनी सोबत घेतले, कारण रस्त्यावरची माणसे डॉक्टरवर नाही, त्या माणसावर विश्वास ठेवत होती. पुढे वैद्यकीय विद्यार्थी या फेऱ्यांत सहभागी झाले आणि या पद्धतीला 'स्ट्रीट मेडिसिन' हे नाव रूढ झाले. आज जगातील अनेक शहरांत ती चालते.

आपल्याकडे पुण्यात डॉ. अभिजित सोनवणे मंदिरे, मशिदी, चर्चबाहेर बसणाऱ्या भिक्षेकऱ्यांवर जागेवरच उपचार करतात आणि बरे झालेल्यांना लहानसा व्यवसाय काढून देण्याचा प्रयत्न करतात. कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा पुनर्वसन संस्था रस्त्यावर फिरणाऱ्या मनोरुग्णांना उपचार देऊन त्यांच्या गावी, त्यांच्या कुटुंबात परत पोहोचवते. या कामासाठी त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आणि वऱ्हाडाला तर हा वारसा घरचाच आहे. अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभे केले, ते कुष्ठरोगामुळे घर आणि गाव दोन्ही सुटलेल्या माणसांसाठी. अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगेबाबा. त्यांच्या दशसूत्रीत उघड्यानागड्यांना वस्त्र आहे, बेघरांना आसरा आहे आणि रोग्यांना औषधोपचारही आहे. बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर दोनच आठवड्यांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीजवळ वलगावच्या वाटेवर गाडगेबाबांनी देह ठेवला. त्यांनी मंदिरांऐवजी धर्मशाळा बांधल्या. घरापासून दूर असलेल्या गरिबाला टेकायला जागा हवी, हे त्यांना ठाऊक होते.

विद्यार्थ्यांनी काय करावे, काय करू नये

आधी मर्यादा सांगतो, कारण उत्साहात ती विसरली जाते. एमबीबीएस, बीएएमएस किंवा बीएचएमएसचा विद्यार्थी हा डॉक्टर नाही. नोंदणी नसताना स्वतंत्रपणे वैद्यकीय व्यवसाय करणे हा राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा, २०१९ नुसार गुन्हा आहे. त्यामुळे कोणतेही औषध नोंदणीकृत डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि उपस्थितीतच द्यायचे. डॉक्टर नसतील त्या दिवशी तपासणी, स्वच्छता, विचारपूस आणि रुग्णालयात नेणे एवढेच करायचे. यात कमीपणा नाही, उलट बहुतेक काम याच भागात आहे.

रस्त्यावर सर्वात जास्त दिसतात त्या पायाच्या जखमा. त्यामागे अनेकदा न कळलेला मधुमेह असतो. जखमेत अळ्या दिसल्या तर तिथेच चिमट्याने उकरत बसू नये; जखम स्वच्छ कापडाने झाकून ड्रेसिंगसाठी रुग्णालयात न्यावे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. ती सरकारी केंद्रात मोफत होते. खरजेचे औषध एकट्याला देऊन भागत नाही. शेजारी झोपणाऱ्या सगळ्यांना एकाच दिवशी औषध लावावे लागते, कपडे आणि पांघरूण गरम पाण्यात धुवावे किंवा कडक उन्हात घालावे लागते, नाहीतर आठवड्याने खरूज परत येते. एप्रिल-मेमध्ये अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. तेव्हा डोके दुखणे, बडबडणे, अंग तापून कोरडे पडणे ही उष्माघाताची लक्षणे ओळखता यायला हवीत. सावलीत घेणे, अंग ओले करणे आणि १०८ ला फोन करणे हे त्या क्षणाचे काम आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये.

काही गोष्टींत चांगल्या हेतूनेही नुकसान होते. पुढचे जेवण कधी मिळेल हे ज्याला माहीत नाही, त्याला मधुमेहाची गोळी देऊन निघून गेलो तर त्याची साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. बीपीची गोळी दहा दिवस देऊन बंद केली तर त्याला काहीच मिळाले नाही. अँटिबायोटिकचा अर्धवट कोर्सही असाच. रोज खूप दारू पिणाऱ्याची दारू अचानक बंद केली तर त्याला झटके येऊ शकतात. त्याला उपदेश नको, वैद्यकीय देखरेख हवी. प्रत्येक औषधाच्या आधी एकच प्रश्न विचारावा : पुढच्या आठवड्यात याला कोण भेटणार आहे?

फेरीची पद्धत साधी असावी. ठरलेला वार, ठरलेली वेळ, ठरलेल्या दोन-तीन जागा. चार-पाच जणांचा गट, त्यात मुली हव्यातच. रस्त्यावरच्या बाया पाळीच्या किंवा अंगावरच्या मारहाणीच्या गोष्टी मुलांशी बोलत नाहीत. गळ्यात ओळखपत्र, स्थानिक पोलीस ठाण्याला आधी दिलेली माहिती. बीपीचे यंत्र, ग्लुकोमीटर, थर्मामीटर, हातमोजे, मास्क, पट्ट्या, ओआरएसची पाकिटे, नेलकटर, साबण आणि पाणी. नखे कापून देणे आणि केस धुऊन देणे हेही उपचारच समजावेत. पुष्कळदा माणूस त्यानंतरच जखम दाखवतो. स्वयंसेवकांनी स्वतःच्या हेपॅटायटिस-बी आणि धनुर्वाताच्या लसी घेतलेल्या असाव्यात.

सोबत एक वही हवी. नाव, कुठे झोपतात, काय त्रास आहे, काय ठरले, पुढे काय करायचे. विद्यार्थ्यांच्या परीक्षा येतात, इंटर्नशिप येते, गट बदलतो. वही असेल तर काम थांबत नाही. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यासोबत जोडून दिले की पुढच्या वर्षी रुग्णाला ओळखणारा कोणीतरी उरतो.

आणि फोटो नको. सुजलेल्या पायाजवळ बसून काढलेला फोटो आपल्या स्टेटसवर एक दिवस राहतो; त्या माणसाची लाज कायम राहते. संमती मागितली तरी ज्याच्या हातात आपली औषधे आहेत त्याला नाही म्हणता येत नाही, हे समजून घ्यावे. रुग्णाची माहिती गटाबाहेर जाऊ नये.

शिबिर की फेरी?

१४ ऑक्टोबरला दीक्षाभूमीवर, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आपले डॉक्टर आणि विद्यार्थी मोफत आरोग्य सेवा देतात. लाखोंच्या गर्दीत ती आवश्यकच आहे. पण तिथे येणारा माणूस दोन दिवसांनी घरी जातो, त्याच्या गावात दवाखाना असतो. बेघर माणसासाठी एका दिवसाचे शिबिर वेगळे ठरते. शिबिरात त्याचा बीपी जास्त आहे हे कळते, पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळतात, बॅनर उतरतो आणि सोळाव्या दिवशी तो होता तिथेच असतो. पुढच्या वेळी तो आपल्याकडे येत नाही, कारण येऊन काय होते ते त्याने पाहिलेले असते.

महिन्यातून एका मोठ्या शिबिरापेक्षा दर आठवड्याला दोन तासांची फेरी म्हणून जास्त उपयोगी ठरते. वेळेचा हिशेबही जुळतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास सेवा द्यायची असते. आठवड्याला दोन-अडीच तास धरले तर तेवढे तास या एका कामात होतात. आपल्या महाविद्यालयाच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांशी बोलून हे काम त्यात बसवून घेता येते.

वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठी आणखी एक मुद्दा आहे. २०२१-२२ पासून एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात 'कुटुंब दत्तक' कार्यक्रम आला. विद्यार्थ्याने गावातील काही कुटुंबे दत्तक घेऊन त्यांच्या आरोग्याचा पाठपुरावा करायचा. कल्पना चांगली आहे, पण ती घरापासून सुरू होते. ज्याला घर नाही आणि कुटुंब नाही, तो या कार्यक्रमात कुणाच्याच वाट्याला येत नाही. अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख स्मृती वैद्यकीय महाविद्यालय आहे, २०२४ पासून शासकीय महाविद्यालयही सुरू झाले; अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. या महाविद्यालयांच्या जनऔषध विभागांनी, म्हणजे कम्युनिटी मेडिसिनच्या विभागांनी, गावातील कुटुंबांसोबत शहरातील पाच बेघर माणसेही विद्यार्थ्याकडे सोपवावीत, ही मागणी विद्यार्थी संघटनांनी करायला हवी.

कायदा आपल्या बाजूने आहे, पण तो माहीत हवा

रुग्णालयात रुग्णाला नेताना रिकाम्या हाताने जाऊ नये. पुढच्या गोष्टी प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ असाव्यात.

१. परमानंद कटारा खटल्यात (१९८९) सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जखमी माणसावर आधी उपचार करायचे, पोलिसांची कागदपत्रे नंतर. हे सरकारी आणि खासगी दोन्ही डॉक्टरांना लागू आहे.

२. पश्चिम बंग खेत मजदूर समिती खटल्यात (१९९६) तातडीचे उपचार नाकारणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला गेला. खाट रिकामी नाही, हे उत्तर सरकारी रुग्णालयाला पुरत नाही.

३. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम १८ नुसार निराधार किंवा बेघर मनोरुग्णाला मोफत उपचाराचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेचे कार्ड मागता येत नाही.

४. त्याच कायद्याच्या कलम १०० नुसार रस्त्यावर फिरणाऱ्या, स्वतःची काळजी घेऊ न शकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे असते. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. त्याच्या कुटुंबाचा शोध घेण्याची जबाबदारीही पोलीस ठाण्याची आहे.

५. सरकारी रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक हे पद असते. निराधार रुग्णाची कागदपत्रे, शुल्कमाफी, पुनर्वसन यांसाठी त्यांनाच भेटायचे. बहुतेकांना हे पद असते हेच माहीत नसते. या अधिकाऱ्यांशी ओळख आधी करून ठेवली की दारात वाद घालायची वेळ कमी येते. भांडण हा शेवटचा उपाय ठेवावा. वॉर्डातल्या सिस्टर आणि मामा हेही कामाच्या ओझ्याखाली दबलेले असतात, त्यांना आपल्या बाजूने घेतल्याशिवाय आपला रुग्ण तिथे टिकत नाही.

बरे झाल्यावर कुठे?

सर्वात अवघड दिवस सुटीचा. टाके घातलेल्या माणसाला पुन्हा फुटपाथवर सोडले तर जखम पुन्हा चिघळणार. इथे महापालिकेची जबाबदारी सुरू होते. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या निकषानुसार शहरात दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांसाठी, चोवीस तास चालणारा कायमस्वरूपी निवारा हवा. २०११ च्या जनगणनेनुसार अमरावतीची लोकसंख्या सुमारे ६ लाख ४७ हजार आणि अकोल्याची सुमारे ४ लाख २५ हजार. म्हणजे त्या जुन्या लोकसंख्येच्या हिशेबानेही अमरावतीत सहा आणि अकोल्यात चार निवारे हवेत. आपल्या शहरात किती आहेत, किती जागा आहेत, बायांसाठी वेगळी सोय आहे का, आजारी माणसाला आत घेतात का, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपयांचा एक अर्ज पुरतो.

हे विचारणे आमच्या मते औषध देण्याइतकेच महत्त्वाचे आहे. विद्यार्थ्यांची फेरी सरकारी रुग्णालयाची जागा घेऊ शकत नाही आणि तिने घेऊही नये. आपण फुकट करतो म्हणून शासनाने हात झटकले, असे होता कामा नये. आपली वही हा पुरावा आहे. कोणत्या चौकात किती माणसे आजारी आहेत, किती जणांना कोणत्या कारणाने परत पाठवले, हे त्यात असते. ती वही दर सहा महिन्यांनी नावे वगळून आयुक्त आणि जिल्हा शल्यचिकित्सकांपुढे ठेवली, तर सेवा आणि संघर्ष एकाच कामात होतात.

पैशांचा प्रश्नही विचारला जातो. आठवड्याच्या फेरीला लागणारे साहित्य फार महाग नाही. प्रत्येक वस्तीत भीमजयंतीला वर्गणी जमते. त्यातला डीजेचा एक तास कमी केला तर पट्ट्या, ओआरएस आणि ग्लुकोमीटरच्या स्ट्रिप्सचा बराच खर्च निघतो. अकोल्यात अशोक वाटिका आणि सर्वोपचार रुग्णालय जवळजवळ आहेत. अभिवादनासाठी येणाऱ्या तरुणांपैकी दहा जणांनी दर रविवारी अभिवादनानंतर रुग्णालयात जाऊन नातेवाईक नसलेल्या रुग्णांची चौकशी केली, तरी पुष्कळ फरक पडेल.

तुम्ही वैद्यकीय शाखेचे नसाल तरी चालेल. रांगेत उभे राहायला, फॉर्म भरायला, रिपोर्ट आणायला, भरवायला आणि "मी आहे सोबत" म्हणायला पदवी लागत नाही. सुरुवात करायची असेल तर या आठवड्यात तीन गोष्टी करा : आपल्या चौकात रात्री कोण झोपते ते पाहून या, सेवा द्यायला तयार असलेले एक नोंदणीकृत डॉक्टर शोधा, आणि रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांना भेटून या. पहिल्या फेरीला औषधांची पेटी नसली तरी हरकत नाही. पण दुसरी फेरी नक्की होईल याची खात्री असेल, तरच पहिली काढा.